तेल, जायफळ आणि रक्तातली घंटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता सूत्रसंचालनात माझी ओळख ‘कॅन्सरवर संशोधन करणारी आपल्या गावची शास्त्रज्ञ’ अशी करून दिली गेली. ती मी जरा खाली उतरवते. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही. मुंबईत कुणी गाव विचारलं की मी दापोडे म्हणते आणि समोरचा म्हणतो, ‘वा, दापोली! समुद्र आहे ना?’ कुणी म्हणतं, ‘दापोडी, पुण्याजवळची?’ मग सांगावं लागतं, भिवंडीचं दापोडे, मानकोली नाक्यावरून आत. तुमच्या घरी येणारं पार्सल जिथल्या गोदामातून निघतं ना, ते. मग ओळख पटते.

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘मेदाम्लं आणि ल्युकेमियाच्या पेशीतले निरोप.’ फोनवर थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘जेवणाआधी ठेवू की नंतर?’ जेवणाआधी ठेवलंय, म्हणजे निदान झोप तरी येणार नाही.

हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. ते आधी सांगते, कारण ते माझ्या चुकीचं आहे.

आपल्या वर्गातल्या एका मित्राला पाच वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाला. त्याने सांगितलंय, ‘माझं नाव घेऊ नकोस, पण गोष्ट सांग.’ ज्यांना तो कोण हे माहीत आहे त्यांनी कृपया मागे वळून बघू नका. गोदामात सुपरवायझर. दमायला होतं, वजन उतरतंय, पोटात डाव्या बरगडीखाली जड वाटतंय, अशा तक्रारी. त्याला वाटलं रात्रपाळीने होत असेल. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी निघाल्या दोन लाखांच्या वर. एका मायक्रोलिटरमध्ये त्या चार ते अकरा हजार असायला हव्यात. निदान झालं सीएमएल, म्हणजे हळूहळू वाढणारा ल्युकेमिया. रोज एक गोळी सुरू झाली. काही महिन्यांत तो कामावर परतला. नंतर चाचणीतला आकडा ०.१ टक्क्याच्या खाली आला, म्हणजे उत्तम.

आणि मग मी वर्गाच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. मथळा साधारण असा होता की ल्युकेमियाच्या पेशी चरबी खाऊन जगतात. मला ती रंजक वाटली. मी वर दोन ओळीही लिहिल्या नाहीत. आपल्या मित्राने ती वाचली. घरात तेल-तूप बंद केलं. गोळीने पायात गोळे यायचे, डोळ्यांखाली सूज यायची. त्याने हिशोब केला: पेशी उपाशी मारतोच आहोत, तर गोळी कशाला? तीन महिने त्याने गोळी घेतली नाही. कुणाला सांगितलंही नाही. पुढच्या चाचणीत आकडा पुन्हा वर गेला. रिपोर्ट हातात घेऊन त्याने मला फोन केला आणि विचारलं, ‘तू टाकलेलं खोटं होतं का गं?’

खोटं नव्हतं, अर्धं होतं. आज उरलेलं अर्धं सांगायला उभी आहे.

मेदाम्ल म्हणजे काय, हे आपण याच शाळेत शिकलोय. नववीत की दहावीत, सरांनी खोबरेल तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करून दाखवला होता. तो साबण कुणीतरी घरी नेला आणि आईचा ओरडा खाल्ला. सर, तुम्हाला आठवतंय ना? त्या तेलातून जे सुटं झालं आणि साबण बनलं, तेच मेदाम्ल. कार्बनची एक लांब साखळी, टोकाला आम्लाचा गट. साखळीत १४ कार्बन असले की मायरिस्टिक आम्ल, १६ असले की पाल्मिटिक, २० असले आणि चार ठिकाणी दुहेरी बंध असले की ॲरॅकिडोनिक.

पेशी या साखळ्यांकडून तीन कामं करून घेते. त्या जाळून ऊर्जा मिळवते. त्यांच्यापासून स्वतःचा पडदा विणते. आणि तिसरं काम, जे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं: पेशीच्या आतले निरोप चालू-बंद करायला त्या वापरते. माझ्या त्या बातमीत फक्त पहिलं काम होतं.

आता घंटेकडे येते. आपल्या शाळेत शिपाईमामा घंटा द्यायचे. घंटा झाली की अख्खी शाळा हलायची. पेशीतही अशा घंटा आहेत. एबल नावाचं एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवतं. तो गट चिकटला की ते प्रथिन जागं होतं, पुढच्याला जागं करतं, आणि निरोप आत पोचतो: वाढ, विभाजन कर, मरू नकोस. निरोग्या पेशीत एबल बहुतेक वेळ गप्प असतं. ते गप्प कसं राहतं, याचं उत्तर २००३ मध्ये मिळालं आणि ते फार सुंदर आहे. एबलच्या एका टोकाला १४ कार्बनचं मायरिस्टिक आम्ल कायमचं जोडलेलं असतं. ते टोक वळतं आणि एबलच्याच अंगावर असलेल्या एका खोलगट खिशात जाऊन बसतं. शास्त्रज्ञही त्याला खिसाच म्हणतात. थोडक्यात, घंटा देणारा स्वतःचा हात स्वतःच्या खिशात घालून बसलेला असतो. गरज पडली की हात बाहेर येतो, घंटा होते, हात पुन्हा खिशात.

सीएमएलमध्ये काय होतं? १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. या अदलाबदलीत एबलचं जनुक तुटतं आणि बीसीआर नावाच्या दुसऱ्या जनुकाला जाऊन जुळतं. तुटताना एबलचं नेमकं ते टोक जातं, ज्यावर मायरिस्टिक आम्ल बसायचं. खिसा जागच्या जागी आहे, पण त्यात घालायचा हातच नाही. शिवाय बीसीआरचा तुकडा अशा दोन-दोन प्रथिनांना एकत्र बांधतो, आणि ती एकमेकांना जागं करतात. घंटा थांबतच नाही. दिवसरात्र एकच निरोप: वाढा. मग चार हजारांच्या जागी दोन लाख पेशी होतात.

या आजाराचं सारं मूळ १४ कार्बनच्या मेदाम्लात आहे असं मी म्हणत नाही. पण आवरतं घ्यायचे जे उपाय पेशीकडे होते, त्यातला एक महत्त्वाचा उपाय तिथे गळून पडलेला असतो.

आता नाव बघा. मायरिस्टिक हे नाव आलं मिरिस्टिका या वनस्पतीवरून, म्हणजे आपलं जायफळ. १८४१ मध्ये लायन प्लेफेअर यांनी जायफळाच्या चरबीतून हे आम्ल वेगळं केलं. पुरणपोळीत किसून घालतो ते जायफळ. कोकणात त्याच्या बागा आहेत, आणि त्याच्या सुधारित जाती ज्या विद्यापीठाने दिल्या ते दापोलीला आहे. म्हणजे दापोडे-दापोलीचा घोळ शेवटी कामी आला. पण हे ऐकून कुणी उद्यापासून जायफळ खायला लागू नका! पेशी हे आम्ल स्वतः तयार करते आणि प्रथिन घडत असतानाच त्याच्या टोकाला जोडते. तुटलेल्या टोकाला जायफळ लागत नाही. जास्त जायफळ पोटात गेलं तर उलट विषबाधा होते.

मग इलाज कसा झाला? मे २००१. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. त्याच महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. एबल जिथून फॉस्फेट उचलतं, ती जागा ही गोळी अडवून बसते. घंटेचा टोलच काढून घेतल्यासारखं. त्याआधी सीएमएल म्हणजे बहुतेकांसाठी काही वर्षांचा हिशोब होता. इमॅटिनिबच्या मूळ चाचणीतल्या रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

काही रुग्णांत एबलची ती जागा बदलते आणि गोळी बसेनाशी होते. त्यावर शोधलेलं एक औषध म्हणजे ॲसिमिनिब. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते जाऊन बसतं कुठे, तर त्या रिकाम्या खिशात, मेदाम्लाच्या जागी. जो हात तुटला, त्याच्या जागी बनावट हात घातला आणि एबल पुन्हा गप्प झालं. निसर्गाचं कुलूप समजलं म्हणून किल्ली करता आली. जायफळ खाऊन जे होत नाही, ते जायफळातल्या आम्लाची जागा ओळखल्यामुळे झालं.

आता माझ्या बातमीकडे. ती खरं तर सीएमएलची नव्हतीच. ती एएमएलची होती, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या ल्युकेमियाची. आपल्याकडे दोन्हींना ब्लड कॅन्सरच म्हणतात, आणि घोळ तिथे होतो.

एएमएल समजायला आपल्याला गावाबाहेर जायची गरज नाही. आपण शाळेत येताना दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती. आता पत्र्याची गोदामं आहेत. हाडाच्या आत अस्थिमज्जा असते. तिथे रक्त तयार होतं, आणि तिथेच चरबीच्या पेशीही असतात, म्हणजे गोदामं. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या संशोधकांनी दाखवलं की एएमएलच्या पेशी शेजारच्या चरबीच्या पेशींना निरोप देऊन त्यांचं गोदाम उघडायला लावतात. साठवलेली चरबी फुटते, मेदाम्लं बाहेर पडतात. ती वाहून न्यायला एफएबीपी-४ नावाचं प्रथिन टेम्पोसारखं काम करतं. मेदाम्लं कर्करोगाच्या पेशीत पोचतात, तंतुकणिकेच्या दारावर सीपीटी-१ हे विकर गेटपास देतं, आणि आत ती जाळली जातात. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर ३० ते ३२ एटीपी मिळतात, पाल्मिटिक आम्लाच्या एका रेणूतून १०६. माल तसा दमदार आहे.

याच संशोधकांनी उंदरांत तो टेम्पो अडवला, तर उंदीर जास्त दिवस जगले. पुढे असंही दिसलं की व्हेनेटोक्लॅक्ससारख्या नव्या औषधाला दाद न देणाऱ्या काही एएमएल पेशी मेदाम्लं जाळून तग धरतात. म्हणून हा सगळा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यातून पुढे औषधं निघू शकतील.

पण गोदाम आपल्या हाडात आहे, कढईत नाही. जेवणातलं तेल बंद केलं म्हणून अस्थिमज्जेतलं गोदाम रिकामं होत नाही. शरीर साखरेपासूनही मेदाम्लं बनवतं. भात खाल्ला तरी बनवतं. उपाशी राहिलं तर शरीर स्वतःच गोदामं उघडतं आणि रक्तात मेदाम्लं वाढतात. म्हणजे ज्याला उपाशी मारायचं त्याच्यासाठी आपणच शटर वर करायचं! वजन घटतं ते रुग्णाचं. उपचार चालू असताना वजन आणि ताकद राखणं हेच मोठं काम असतं.

आणखी दोन उदाहरणं थोडक्यात. काही एएमएल रुग्णांत एनरास नावाचं निरोप देणारं प्रथिन बिघडलेलं असतं. त्याला पेशीच्या पडद्याला चिकटून राहायला १६ कार्बनच्या मेदाम्लाचा हूक लागतो. २०१० मध्ये उंदरांत असं दिसलं की तो हूक लागायची जागाच काढली तर बिघडलेल्या एनरासलाही ल्युकेमिया करता येत नाही. दुसरं, ॲरॅकिडोनिक आम्लापासून ल्युकोट्राइन नावाचे निरोप्ये तयार होतात. पांढऱ्या पेशींत सापडले म्हणून तसं नाव. त्यांच्यावरच्या कामासाठी स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएल्सन १९८२ च्या नोबेलचे एक मानकरी होते. हे निरोप्ये तयार करणाऱ्या विकराचं जनुक ज्या उंदरांत नव्हतं, त्यांच्यात सीएमएल रुजवता आला नाही, असं २००९ मध्ये अमेरिकेत दिसलं. म्हणजे मेदाम्ल कुठे इंधन आहे, कुठे हूक आहे, कुठे निरोप आहे आणि कुठे गप्प बसवणारा हात आहे. ‘चरबी वाईट’ या दोन शब्दांत हे बसत नाही.

हे सगळं परदेशातच घडलं असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी आपल्या बाजूच्या. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या. पुढे त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांवरच्या त्यांच्या अभ्यासाने स्तनाच्या कर्करोगाबरोबर ल्युकेमियाच्या अभ्यासालाही वाट करून दिली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आमच्यासारख्या मुलींनी पांढरा कोट घातला, त्यामागे अशा बायका आहेत.

दुसरी गोष्ट पैशांची. इमॅटिनिबची मूळ कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना पडायची. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांच्या आसपास. मूळ कंपनी बऱ्याच रुग्णांना गोळी मोफत देत होती, हेही खरं. पण पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळी बंद होण्याचा धोका होता. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. आपला मित्र गोदामाच्या पगारात आज जी गोळी घेतो, ती त्या निकालामुळेही त्याच्या आवाक्यात आहे. ती डबीत पडून राहिली तर फार वाईट वाटतं.

आता ग्रुपवर आलेल्या प्रश्नांची उत्तरं, माझ्या समजुतीप्रमाणे. पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तेल-तूप बंद करावं का? कर्करोग मारायला म्हणून नको. हृदयासाठी, साखरेसाठी बेतानं खा, ते सगळ्यांनाच लागू.

बरं वाटतंय, तर गोळी थांबवावी का? नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळे. बीसीआर-एबलचा आकडा वर्षानुवर्षं अगदी तळाला राहिला, तर काही रुग्णांत डॉक्टर स्वतःच गोळी थांबवून बघतात, पण दर महिन्याला चाचणी करत. आणि आकडा वर येताच पुन्हा सुरू करतात. तो निर्णय दवाखान्यात होतो. स्वयंपाकघरात नाही आणि व्हॉट्सॲपवर तर नाहीच. पायात गोळे येतात, सूज येते, हे डॉक्टरांना सांगितलं तर उपाय असतो. कधी मात्रा बदलतात, कधी गोळी. न सांगता बंद केली तर कुणालाच काही करता येत नाही.

कधी तपासावं? दमणूक जात नाही, वजन कारणाशिवाय उतरतंय, ताप वारंवार येतोय, अंगावर निळे डाग उठतायत, डाव्या बाजूला पोट जड वाटतंय, तर साधी रक्ततपासणी करून घ्या. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. निघालं तर वेळेत कळतं.

आता शेवटचं. मित्राने गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला. गेल्या वेळचा पुन्हा ०.१ च्या खाली आहे. सगळ्यांचंच असं होत नाही. मध्ये गोळी सुटली की कधी पेशी बदलून बसतात आणि जुनी गोळी चालत नाही. आपलं नशीब चांगलं होतं. पण मी दोन बोटांनी पुढे ढकललेल्या मेसेजमुळे त्याला नशिबावर विसंबायला लागलं, हे मी विसरलेले नाही. त्याच्याकडे माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, ‘गोळी मी बंद केली, तू नाहीस. पण पुढच्या वेळी खाली दोन ओळी लिही.’

आज दोन ओळींच्या जागी अर्धा तास बोलले. बाई, तुम्ही निबंधाच्या वहीत नेहमी लिहायचात, ‘उत्तर अर्धवट, पूर्ण करा.’ पंचवीस वर्षांनी पूर्ण करून आणलंय, तपासून द्या.

मागच्या रांगेतल्या मित्रा, जेवणात आज पुरणपोळी आहे, वर तूप आहे आणि पुरणात जायफळही आहे. निवांत जेव. आणि रात्रीची गोळी घे.